यंत्र आपले, आज्ञा कोणाची? – हातातल्या व्हिडिओ गेमचे फर्मवेअर

मुलांच्या हातातला व्हिडिओ गेम शिक्षकांच्या बोलण्यात येतो तो बहुधा तक्रार म्हणून. डोळे बिघडतात, अभ्यास बुडतो, मैदान ओस पडते, या तक्रारी खऱ्याच आहेत. पण हेच यंत्र घेऊन काही मुले आणखी एक उद्योग करतात आणि त्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. यंत्राबरोबर कारखान्यातून आलेली मूळ आज्ञावली बाजूला सारून तिच्या जागी दुसऱ्याच कोणीतरी लिहिलेली आज्ञावली ती बसवतात. या दुसऱ्या आज्ञावलीला 'कस्टम फर्मवेअर' म्हणतात. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या पट्ट्यातल्या शाळांत व्याख्यानाला गेले की नववी-दहावीचा एखादा मुलगा हळूच विचारतो, "सर, हे बसवले तर यंत्र बिघडते का? आणि ते बेकायदा आहे का?"

'फुकट खेळ मिळवण्यासाठी मुले हे करतात' असे एका वाक्यात उत्तर देता येईल. ते अर्धेच खरे ठरेल. उरलेल्या अर्ध्यात थोडे रसायनशास्त्र आहे, थोडे बीजगणित आहे आणि नागरिकशास्त्राचा एक अवघड प्रश्नही आहे. तो अर्धा भाग येथे पाहू.

फर्मवेअर म्हणजे काय?

संगणकाचे दोन भाग आपण वर्गात शिकवतो. हाताला लागते ते हार्डवेअर आणि सूचनांच्या रूपात असते ते सॉफ्टवेअर. या दोहोंच्या मध्ये एक थर असतो. धुण्याच्या यंत्राला 'आधी पाणी भर, मग ड्रम फिरव' हे कोणीतरी सांगितलेले असते. विजेच्या इलेक्ट्रॉनिक मीटरला एकके कशी मोजायची ते ठाऊक असते. मच्छीमार बोटीवरचे जीपीएस उपग्रहांचे संदेश वाचून अक्षांश-रेखांश दाखवते. या सूचना यंत्राच्या आतल्याच एका चिपमध्ये असतात आणि वीज गेली तरी पुसल्या जात नाहीत. हार्डवेअरइतक्या कायम नाहीत आणि सॉफ्टवेअरइतक्या सहज बदलण्याजोग्याही नाहीत, म्हणून त्यांना 'फर्मवेअर' हे नाव पडले. ॲशर ऑप्लर या संगणकतज्ज्ञाने १९६७ साली हा शब्द रूढ केला.

आपल्याकडे जत्रेत विटांचा 'ब्रिक गेम' मिळत असे. त्याच्या सूचना चिप घडवतानाच तिच्यात कोरलेल्या असत. त्या बदलण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे विजेने पुसता व पुन्हा लिहिता येणाऱ्या 'फ्लॅश' स्मृतीच्या चिप स्वस्त झाल्या आणि चित्र पालटले. सोनी कंपनीने डिसेंबर २००४ मध्ये जपानात 'प्लेस्टेशन पोर्टेबल' म्हणजे पीएसपी हे यंत्र विकायला आणले. त्याचे फर्मवेअर ३२ मेगाबाइटच्या अशाच फ्लॅश स्मृतीत होते. विकून झाल्यावरही कंपनी त्यात सुधारणा करू शकत होती. मात्र जे कंपनीला बदलता येते ते तत्त्वतः इतरांनाही बदलता येते. सगळी गोष्ट येथून सुरू होते.

कुलूप कसे असते?

कोणीही उठून काहीही बदलू नये म्हणून कंपन्या यंत्राला कुलूप लावतात. त्याची रीत अशी. यंत्र सुरू होताना मुख्य चिपमधली एक छोटी, कधीही न बदलणारी आज्ञावली सर्वप्रथम जागी होते. ती पुढची आज्ञावली तपासते. ती खरी ठरली तरच तिच्या हाती कारभार सोपवते. ती दुसरी आज्ञावली तिसरीला तपासते, आणि शेवटी खेळ सुरू होतो. एका सरकारी दाखल्यावर दुसरा दाखला मिळावा आणि प्रत्येक कारकुनाने आधीचा शिक्का पाहावा, तसाच हा प्रकार आहे.

हा शिक्का गणिती असतो. त्याला 'डिजिटल सही' म्हणतात. सही करण्यासाठी एक गुप्त संख्या लागते आणि ती फक्त कंपनीजवळ असते. सही तपासायला लागणारी संख्या उघड असते आणि ती प्रत्येक यंत्रात असते. उघड संख्येवरून गुप्त संख्या शोधणे आजच्या संगणकांना व्यवहारात अशक्य आहे. कंपनीची सही नसलेली आज्ञावली यंत्र चालवत नाही. ती तुम्ही स्वतः लिहिलेली असली तरीही नाही.

मग कुलूप उघडते कसे? गणित सहसा हरत नाही. ते वापरणाऱ्या माणसाची चूक होते. अशा चुकांची दोन उदाहरणे वर्गात सांगण्याजोगी आहेत.

पहिले उदाहरण 'मर्यादा ओलांडण्या'चे आहे. एखाद्या छापील अर्जावर नावासाठी दहा चौकटी आहेत आणि त्यांना लागूनच 'अर्ज पुढे कोणाकडे पाठवायचा' याच्या चौकटी आहेत, असे समजा. कोणी मुद्दाम पंचवीस अक्षरांचे नाव लिहिले आणि कारकुनाने अक्षरे मोजली नाहीत, तर नावाची शेवटची अक्षरे पुढच्या चौकटींत शिरतील आणि अर्ज भलत्याच टेबलावर जाईल. सप्टेंबर २००५ मध्ये पीएसपीच्या बाबतीत हेच घडले. चित्र दाखवणाऱ्या आज्ञावलीने एका प्रकारच्या चित्राच्या फाइलचे माप नीट तपासले नव्हते. मुद्दाम बेतलेले एक चित्र पडद्यावर उघडले की त्यातले 'जादा' आकडे यंत्र सूचना म्हणून पाळू लागे. आधीच्या तपासणीत एक फट राहिली, म्हणून बिनसहीची आज्ञावली आत शिरली.

निन्टेन्डो कंपनीच्या 'स्विच' या यंत्रात एप्रिल २०१८ मध्ये अशीच चूक उजेडात आली. ती तर सर्वप्रथम जागी होणाऱ्या, कोरलेल्या आज्ञावलीतच होती. कोरलेले पुसता येत नाही. त्यामुळे तोवर विकलेल्या यंत्रांत ती दुरुस्त करण्याचा मार्ग कंपनीजवळ उरला नाही. तिला पुढच्या यंत्रांची चिपच बदलावी लागली.

दहावीच्या पहिल्या धड्यातले कुलूप

दुसरे उदाहरण गणिताच्या शिक्षकांना आवडेल. ते हातातल्या यंत्राचे नाही, सोनीच्याच प्लेस्टेशन ३ या घरात टीव्हीला जोडायच्या यंत्राचे आहे. परंतु त्याचा संबंध हातातल्या यंत्रांशीही आला.

त्या सहीमागचे नाते सोपे करून असे मांडता येते:

स × य = ह + र × क

येथे 'क' ही कंपनीची गुप्त संख्या आहे. 'ह' ही सही करायच्या मजकुरावरून काढलेली संख्या असून ती कोणालाही काढता येते. 'र' आणि 'स' मिळून सही होते आणि त्या उघड असतात. 'य' ही प्रत्येक सहीच्या वेळी नव्याने, यदृच्छया निवडायची संख्या. ती गुप्त ठेवायची असते. 'र' ही फक्त 'य'वरून ठरते. प्रत्यक्षात या संख्या प्रचंड मोठ्या असतात आणि एका मोठ्या संख्येने भागून उरणाऱ्या बाकीवर हिशेब चालतो. नाते मात्र हेच असते.

एका सहीवरून आपल्याला एक समीकरण मिळते आणि त्यात 'य' व 'क' ही दोन चले अज्ञात असतात. एका समीकरणातून दोन चले सुटत नाहीत. दुसरी सही घेतली तर 'य' नवा, म्हणजे अज्ञात चलांत आणखी एकाची भर. कुलूप टिकते ते यामुळे.

सोनीने मात्र प्रत्येक वेळी 'य' तोच वापरला. डिसेंबर २०१० मध्ये बर्लिन येथे भरलेल्या संगणक-सुरक्षेच्या परिषदेत 'फेलओव्हरफ्लो' या गटाने हे दाखवून दिले. आता दोन समीकरणे आणि दोनच चले! छोटे आकडे घेऊन पाहू. पहिल्या सहीत ह = १०, स = १५, दुसरीत ह = ४, स = १३ आणि दोन्हींत र = ५ असे समजा.

१५य = १० + ५क
१३य = ४ + ५क

वजाबाकी केली की २य = ६, म्हणून य = ३. ही किंमत पहिल्या समीकरणात घातली की ४५ = १० + ५क, म्हणून क = ७. गुप्त किल्ली हातात आली! 'दोन चलांतील रेषीय समीकरणे' हा आपल्या दहावीच्या बीजगणिताचा पहिलाच धडा आहे. त्यानंतर काही दिवसांतच, जानेवारी २०११ मध्ये, पीएसपीच्या किल्ल्याही बाहेर आल्या. 'हे गणित पुढे कुठे उपयोगी पडते?' असे विचारणाऱ्या विद्यार्थ्यासमोर हे उदाहरण जरूर ठेवावे. त्यातला धडा चोरीचा नाही. यदृच्छ संख्या खरोखर यदृच्छ नसेल तर जगातले उत्तम कुलूपही कागदाचे ठरते, हा तो धडा आहे. बँकेचे व्यवहार याच जातीच्या गणितावर चालतात.

लोक हे का करतात?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. कारणे एकाहून अधिक आहेत आणि ती वेगवेगळी ओळखली पाहिजेत.

पहिले कारण, स्वतःची आज्ञावली चालवणे. पीएसपीच्या सर्वांत आधीच्या जपानी यंत्रांत सहीची तपासणी नव्हती. त्यामुळे २००५ मध्येच हौशी लोकांनी त्यावर आपापल्या आज्ञावली चालवून पाहिल्या. पुस्तक वाचण्याची सोय, गणकयंत्र, जुन्या संगणकांची नक्कल करणाऱ्या आज्ञावली असे कितीतरी प्रकार त्यांत होते. कंपनीने पुढच्या फर्मवेअरमध्ये ही वाट बंद केली. मग नवे फर्मवेअर आणि जुने स्वातंत्र्य दोन्ही हवे असणाऱ्यांसाठी २००६ मध्ये 'डार्क ॲलेक्स' या टोपणनावाच्या स्पॅनिश आज्ञावलीकाराने कंपनीच्याच फर्मवेअरमध्ये फेरफार करून ते उपलब्ध केले. कस्टम फर्मवेअर घरोघरी पोचले ते तेव्हापासून.

दुसरे कारण, घातलेल्या मर्यादा उठवणे. पीएसपीचा प्रक्रियक सेकंदाला ३३.३ कोटी ठोके, म्हणजे ३३३ मेगाहर्ट्झपर्यंत चालू शकत होता. कंपनीने खेळांना २२२ मेगाहर्ट्झचीच परवानगी दिली होती. यामागे भौतिकशास्त्र आहे. चिपला लागणारी शक्ती ठोक्यांच्या वारंवारतेच्या समप्रमाणात आणि विद्युतदाबाच्या वर्गाच्या समप्रमाणात वाढते. दाब तोच ठेवला तरी ३३३ ला २२२ ने भागून दीडपट येते, म्हणजे प्रक्रियकाचा तेवढा खर्च दीडपट होतो. बॅटरी लवकर संपते. २००७ मध्ये सोनीने स्वतःच ही मर्यादा सैल केली. 'वेग हवा की बॅटरी?' हा निर्णय कोणी घ्यायचा, निर्मात्याने की वापरणाऱ्याने, एवढाच येथे प्रश्न आहे.

तिसरे कारण, साठवणीचा खर्च. पीएसपीनंतर आलेल्या 'व्हिटा' या यंत्राला सोनीचेच खास मेमरी कार्ड लागे. अमेरिकेत २०१२ मध्ये ३२ गिगाबाइटच्या अशा कार्डाची किंमत सुमारे १०० डॉलर होती. मोबाइलमध्ये घालायचे तेवढ्याच क्षमतेचे साधे कार्ड त्याहून कितीतरी स्वस्त मिळे. २०१६ मध्ये व्हिटाचे कुलूप उघडले. पुढे खेळाच्या खाचेत साधे कार्ड बसवण्याची पट्टी निघाली. तिला ओळखण्यासाठी यंत्रात कस्टम फर्मवेअर असावे लागते.

चौथे कारण, देशांची कुंपणे. निन्टेन्डोच्या '३डीएस' या यंत्रात एका प्रदेशासाठी विकलेला खेळ दुसऱ्या प्रदेशाच्या यंत्रावर चालत नसे. आपल्या किनारपट्टीवरच्या म्हसळा, श्रीवर्धन, मुरूडकडील अनेक घरांतली माणसे आखातात नोकरीला असतात. कोणाचे काका दुबईला, तर कोणाची मावशी अमेरिकेत. एकाने यंत्र पाठवले, दुसरीने खेळ पाठवला, दोन्ही वस्तू अस्सल, दोन्हींचे पैसे भरलेले, आणि तरीही दोन्ही एकमेकांशी बोलायला तयार नाहीत! अशा वेळी मुलगा उपाय शोधतो, त्याचे नवल वाटायला नको.

खारी हवा आणि फिरती तबकडी

पाचव्या कारणाचा आपल्या कोकणच्या हवेशी थेट संबंध आहे. पीएसपीचे खेळ 'यूएमडी' नावाच्या ६० मिलिमीटर व्यासाच्या तबकडीवर मिळत. तबकडी प्लॅस्टिकच्या कवचात असे आणि लेसरला ती वाचता यावी म्हणून कवचाला एक उघडी खिडकी असे. तबकडी फिरवायला मोटर, लेसरचे भिंग पुढे-मागे सरकवायला एक नाजूक दांडी आणि दातेरी चाके. यंत्रातला हलणारा भाग हाच, आणि सहसा सर्वांत आधी बिघडतो तोही हाच.

पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीला पाणी सुटते, हे सर्वांनी पाहिले आहे. हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधे मीठ हवेतले बाष्प शोषून स्वतःच त्यात विरघळते. पावसाळ्यात अलिबागची आर्द्रता या मर्यादेच्या वरच असते. समुद्राच्या लाटा फुटताना उडालेले मिठाचे सूक्ष्म कण वाऱ्याबरोबर घरात येतात आणि वस्तूंवर बसतात. पावसाळा आला की त्या अदृश्य थराचे खारे पाणी होते. खारे पाणी विजेचे वाहक असते. दोन वेगवेगळ्या धातूंना ते एकाच वेळी लागले की छोटासा विद्युतघट तयार होतो आणि त्यांतला एक धातू झिजू लागतो. संपर्काच्या पट्ट्या हिरव्या पडतात, सरकणारी दांडी अडकते, भिंगावर बुरशीचा किंवा मिठाचा पडदा चढतो. पुण्यात अनेक वर्षे टिकणारी वस्तू रेवदंड्यात त्या आधीच का जाते, त्याचे हे कारण आहे.

कस्टम फर्मवेअर बसवले की विकत घेतलेल्या तबकडीची प्रत मेमरी कार्डावर घेऊन खेळ तेथूनच चालवता येतो. मोटर फिरवावी लागत नाही. बॅटरी जास्त वेळ पुरते, तबकडी सुरक्षित राहते आणि तबकडीचा भाग बिघडलेले यंत्रही कचऱ्यात जात नाही. भारताच्या २०२२ च्या ई-कचरा नियमांच्या यादीत हातात धरायच्या व्हिडिओ गेमचाही समावेश आहे, हे या संदर्भात लक्षात ठेवावे. वापरात राहिलेले यंत्र म्हणजे तेवढा कचरा कमी.

सहावे कारण, दुकानेच बंद झाली. पीएसपीच्या ऑनलाइन दुकानातली थेट खरेदी २ जुलै २०२१ रोजी बंद झाली. ३डीएसच्या दुकानात २७ मार्च २०२३ नंतर नवा खेळ विकत घेता येत नाही. अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी सुमारे ८७ टक्के खेळ आता बाजारात उपलब्ध नाहीत, असे तेथील व्हिडिओ गेम इतिहास प्रतिष्ठानाच्या २०२३ च्या अभ्यासात आढळले. हा प्रश्न आपल्यालाही लागू आहे. २००९ च्या सुमारास सोनीने भारतासाठी 'देसी अड्डा' हा खेळ आणला होता. हैदराबादच्या 'गेमशास्त्र' कंपनीने तो बनवला होता आणि त्यात कबड्डी, विटीदांडू, पतंग असे आपले खेळ होते. भारतीय मैदानी खेळ पडद्यावर आणण्याच्या पहिल्या काही प्रयत्नांपैकी तो एक होता. उद्या कोणा संशोधकाला तो पाहायचा झाला तर चालती तबकडी आणि चालते यंत्र दोन्ही लागेल.

येथे अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेची आठवण होते. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्यामुळे चुंबकीय नोंदी बिघडणार, म्हणून कुलाब्याचे काम १९०४ मध्ये अलिबागला हलवले गेले. कुलाब्याच्या नोंदी त्याही आधीच्या, १८४० च्या दशकापासूनच्या. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरून आलेल्या प्रचंड चुंबकीय वादळाची नोंद तेथे कागदावर झाली होती. २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी तीच नोंद वाचून त्या वादळाच्या तीव्रतेचा अंदाज बांधला. १४४ वर्षांनंतरही तो कागद वाचता आला, कारण कागद वाचायला कोणाची परवानगी लागत नाही. वीस वर्षांपूर्वीच्या यूएमडीबद्दल आपण असे म्हणू शकत नाही. मीठ तिच्या यंत्राला खाते आणि कुलूप तिच्या प्रतीला अडवते.

हे फक्त खेळांपुरते नाही. प्रयोगशाळांतही हा अनुभव येतो. आमच्याकडचे एक महागडे मापनयंत्र वर्षानुवर्षे उत्तम काम देत होते. पण त्याच्या निर्मात्यांनी त्याच्या आज्ञावलीला पाठिंबा देणे थांबवले आणि नव्या संगणकाशी ते जोडता येईना. भिंगे, आरसे, शोधक सगळे ठीक असताना केवळ आतली आज्ञावली कुलूपबंद म्हणून यंत्र अडगळीत गेले.

सातवे कारण आणि कायदा

सातवे कारण झाकून चालणार नाही. पुष्कळ लोक फुकटात खेळ मिळावेत म्हणूनच कस्टम फर्मवेअर बसवतात. न विकत घेतलेल्या खेळाची प्रत उतरवून खेळणे म्हणजे तो खेळ महिनोन्महिने खपून घडवणाऱ्या चित्रकार, संगीतकार, आज्ञावलीकार यांची मजुरी बुडवणे. छोट्या कंपन्यांना याचा फटका सर्वांत जास्त बसतो. 'देसी अड्डा'सारख्या प्रयत्नांना अशा बाजारात उभे राहणे किती अवघड जाते, याचा विचार मुलांना करायला लावावा.

आपला कायदा काय म्हणतो? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात काही कृती उल्लंघनातून वगळल्या आहेत. संगणकीय आज्ञावलीची प्रत ज्याच्याजवळ वैधपणे आहे त्याला ती हरवू वा खराब होऊ नये म्हणून तात्पुरत्या संरक्षणासाठी राखीव प्रत करता येते. आज्ञावली कशी चालते हे समजून घेण्यासाठी तिचे निरीक्षण आणि अभ्यासही करता येतो. २०१२ च्या दुरुस्तीने '६५ अ' हे कलम आले. हक्कांचे उल्लंघन करण्याच्या हेतूने संरक्षक कुलूप तोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद व दंड होऊ शकतो. 'उल्लंघनाच्या हेतूने' हे शब्द महत्त्वाचे आहेत. आपल्या कायद्यात कुलपापेक्षा हेतूला वजन आहे. उलट, चोरीची आज्ञावली जाणूनबुजून संगणकावर वापरणे हा कलम '६३ ब' खाली गुन्हाच आहे.

अमेरिकेतला १९९८ चा कायदा अधिक कडक. तेथे कुलूप तोडण्यालाच बंदी आहे आणि दर तीन वर्षांनी अपवादांची यादी ठरते. २०२१ मध्ये त्या यादीत गेमयंत्राच्या तबकडी वाचणाऱ्या भागाच्या दुरुस्तीचा समावेश झाला. वर सांगितलेला हलणारा, बिघडणारा भाग तो हाच! भारतातही ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'चा विचार करण्यासाठी समिती नेमली. तिने निवडलेल्या क्षेत्रांत शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने आहेत.

धोके

'यंत्र बिघडते का?' या प्रश्नाचे उत्तर 'बिघडू शकते' असेच द्यावे. फर्मवेअर लिहिले जात असताना वीज गेली किंवा चुकीची फाइल वापरली तर यंत्र सुरूच होत नाही. जाणकार अशा यंत्राला 'वीट झाली' म्हणतात. ऑक्टोबर २००५ मध्ये फर्मवेअर बदलण्याची आज्ञावली म्हणून पसरलेली एक फाइल प्रत्यक्षात पीएसपीच्या आवश्यक फाइली पुसून टाकत होती. अनोळखी माणसाने दिलेली आज्ञावली यंत्राच्या गाभ्यात बसवणे म्हणजे घराच्या किल्ल्या त्याच्या हाती देणे. शिवाय हमी संपते आणि कंपनी त्या यंत्राला आपल्या ऑनलाइन सेवेतून काढून टाकू शकते.

यावरचा एक उपाय मात्र मोठा गमतीचा आहे. पीएसपीच्या बॅटरीतही एक छोटी चिप असते आणि तिच्यात बॅटरीचा क्रमांक असतो. हा क्रमांक ३२ द्विमान अंकांचा. सर्वच्या सर्व ३२ अंक '१' असले की यंत्र 'दुरुस्ती केंद्रात' आल्यासारखे वागते. आतले फर्मवेअर न पाहता ते मेमरी कार्डावरून सुरू होते. २००७ मध्ये हे रहस्य उलगडले आणि त्या बॅटरीला 'पँडोरा' हे नाव मिळाले. 'वीट' झालेली कितीतरी यंत्रे तिने जिवंत केली. नंतरच्या यंत्रांत कंपनीने ही सोय काढून टाकली.

वर्गात काय करता येईल?

कस्टम फर्मवेअर बसवायला शिकवणे हे शिक्षकाचे काम नाही. पण विद्यार्थ्याने प्रश्न विचारलाच, तर 'ते वाईट आहे' एवढे सांगून तो मिटवू नये. दहावीच्या वर्गात वरची दोन समीकरणे सोडवून घ्यावीत. मग 'य'ची किंमत दुसऱ्या सहीत बदलावी आणि उत्तर का सुटत नाही ते विद्यार्थ्यांनाच सांगू द्यावे. विज्ञानाच्या तासाला तांब्याचा आणि लोखंडाचा तुकडा एकमेकांना टेकवून मिठाच्या ओल्या फडक्यात ठेवावा, शेजारी नुसत्या लोखंडाचा तुकडा तसाच ठेवावा, आणि आठवडाभर दोन्हींच्या गंजाची तुलना करावी. नागरिकशास्त्राच्या तासाला वाद घालावा: वस्तू विकल्यानंतर तिच्यावर विकणाऱ्याचा हक्क कुठवर?

या शेवटच्या प्रश्नाचे तयार उत्तर कोणाजवळ नाही. खेळ घडवणाऱ्याला मोबदला मिळाला पाहिजे, त्यासाठी काही कुलूप लागणारच. पण विकत घेतलेली वस्तू उघडून पाहण्याचा, दुरुस्त करण्याचा, तिची राखीव प्रत ठेवण्याचा घेणाऱ्याचा हक्कही तितकाच खरा आहे. आज खेळाच्या यंत्रापुरता दिसणारा हा वाद उद्या शेतातल्या पंपाच्या नियंत्रकाबद्दल, बोटीवरच्या जीपीएसबद्दल आणि दवाखान्यातल्या उपकरणाबद्दल होणार आहे. त्या वेळी मत देणारे नागरिक आज आपल्या वर्गात बसलेले आहेत. आपल्या यंत्रात काय चालते हे त्यांना समजावे, आणि दुसऱ्याच्या कष्टाची किंमतही समजावी. या दोन्ही गोष्टी एकाच तासात शिकवता येतात.